अंगठ्यानं वाजवणारा वेस

(दृश्य: ठाण्याची वागळे इस्टेट, दुपारची शिफ्ट सुटल्यावरची गर्दी)

सकाळी सात ते दुपारी तीन कारखाना. रात्री नऊ ते दोन क्लबमध्ये वादन. मध्ये जमेल तेवढी झोप. वागळे इस्टेटमधल्या एखाद्या हौशी वादकाचं वाटावं असं हे वेळापत्रक आहे जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरी यांचं. गाव अमेरिकेतलं इंडियानापोलिस, आणि घरी सात मुलं.

जन्म 6 मार्च 1923. गिटार मनावर घेतली ती विशीच्या उंबरठ्यावर, जॅझ गिटारवादक चार्ली ख्रिश्चनच्या रेकॉर्ड्स ऐकून. गुरू नाही, नोटेशन वाचता येत नाही. रेकॉर्ड लावायची, कानानं उचलायचं, बोटांत बसवायचं.

(दृश्य: ठाण्यातल्याच नौपाड्यातल्या जुन्या इमारतीतली खोली, मांडीवर गिटार घेतलेला तरुण)

सराव रात्रीचा, त्यामुळे शेजाऱ्यांची झोपमोड ठरलेली. म्हणून वेसनी प्लेक्ट्रम, म्हणजे तारा छेडायची छोटी चकती, बाजूला ठेवलं आणि अंगठ्याच्या मांसल भागानं तारा छेडायला सुरुवात केली, असं सांगतात. नौपाड्यातल्या या मुलाला ते कारण वेगळं समजवावं लागत नाही. त्याची खिडकी आणि शेजारच्या काकूंची खिडकी यांत हातभराचं अंतर आहे.

"काकू, आवाज येतो का हो?"

"येतो रे. पण आता भांडी आपटल्यासारखा नाही येत. वाजव."

फरक नीट ऐका. प्लेक्ट्रमनं स्वर टोकदार निघतो, अंगठ्यानं गोल आणि उबदार. पण नुसतं वरून खाली अंगठा मारत वेगानं वाजवणं महाकठीण. वेस ते इतक्या सहज करायचे, की बघणाऱ्याला सोपं वाटावं. फसवी गोष्ट आहे ती!

(दृश्य: डाव्या हाताची बोटं, अगदी जवळून)

आता त्यांची खूण म्हणजे ऑक्टेव्ह. खालचा सा आणि वरचा सा एकदम. पहिलं बोट, म्हणजे तर्जनी, सहाव्या तारेवर, तिसरं चौथीवर, दोन पडदे पुढे. मधली पाचवी तार पहिल्याच बोटाच्या पोटानं दाबून मुकी ठेवायची. अंगठा तिन्ही तारांवरून फिरतो, वाजतात दोनच. मधली जरा जरी बोलली तरी सगळं बिघडलं. या अवस्थेत हात पटापट सरकवत अख्खी धून वाजवायची. गिटारवर ऑक्टेव्ह आधीही वाजत होते, पण त्यांत असं सलग गाणारे वेसच.

ख्याल ऐकणाऱ्यांना त्यांची बढत लगेच कळेल. आधी एकेरी स्वरांची ओळ, मग ऑक्टेव्ह, शेवटी भरगच्च कॉर्ड्स, म्हणजे एकदम वाजणारे स्वरांचे गुच्छ. एकेक आवर्तन चढत जातं.

1959 मध्ये सॅक्सोफोनवादक कॅननबॉल अ‍ॅडर्ली यांनी त्यांना इंडियानापोलिसच्या क्लबमध्ये ऐकलं आणि रिव्हरसाइड या रेकॉर्ड कंपनीकडे शब्द टाकला. जानेवारी 1960 मध्ये न्यूयॉर्कला 'द इन्क्रेडिबल जॅझ गिटार ऑफ वेस माँटगोमेरी' ही रेकॉर्ड ध्वनिमुद्रित झाली. तोवर वयाची छत्तिशी उलटली होती.

पुढे ग्रॅमी मिळालं, लोकप्रिय गाण्यांचे अल्बम धडाक्यात खपले. जाणकारांनी नाकं मुरडली. आमचं मत विचाराल, तर त्या अल्बममधल्या साथीच्या तंतुवाद्यांच्या साखरेत वेसची गिटार थोडी बुडते खरी. पण सात मुलांच्या बापाला कुणी हिशेब मागू नये. ज्यांना अस्सल वेस हवेत, त्यांनी 1965 चं 'स्मोकिन अ‍ॅट द हाफ नोट' ऐकावं. सोबत पियानोवर विंटन केली, आणि मैफल चांगलीच पेटलेली.

15 जून 1968 रोजी राहत्या गावी हृदयविकाराच्या झटक्यानं ते गेले. वय अवघं 45. पॅट मेथेनी, जॉर्ज बेन्सन या गिटारवादकांच्या पिढीच्या हातांत मात्र तो ऑक्टेव्ह उतरला होता.

(दृश्य: खोलीत आता बेसवादक आणि ड्रमवर ब्रश घेतलेली मुलगी)

तिघांनी आज 'फोर ऑन सिक्स' बसवायला घेतलंय, वेसची स्वतःची रचना. सुरुवातीची बेसची ओळ अजून डगमगते. मुलगा थांबवतो, लय थोडी उतरवतो, म्हणतो, "परत. जी मायनर. वन, टू..."