वेताच्या खुर्चीचा उन्हाळा

श्रोतेहो, नमस्कार.

पूर्व विदर्भात मालगुजारांच्या, म्हणजे सरकारसाठी सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या वाड्यांत, जुन्या मास्तरांच्या अन् पटवाऱ्यांच्या घरांत सागवानी आरामखुर्ची हमखास सापडते. बैठक आणि पाठ वेताच्या जाळीची. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, खुर्च्या मात्र राहिल्या. आता त्या बहुतेक माळ्यावर धूळ खात पडल्या आहेत. का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: वेत जुना झाला, बसलं की तुटतो. मला ते पटत नाही. आपल्याकडचा वेत जुनेपणाने कमी आणि कोरडेपणाने जास्त तुटतो.

वेत ही ताडामाडाच्या कुळातली वेल. आपल्या मेळघाटातला, गडचिरोलीतला बांबू आतून पोकळ असतो, वेत भरीव. तो वाढतो पश्चिम घाटात, ईशान्येकडे, अंदमानात, म्हणजे भरपूर पावसाच्या रानात. त्याच्या सालीची जाळी चंद्रपूरच्या किंवा अकोल्याच्या ४५ अंशांत महिनोन्‌महिने सुकते तेव्हा तिचा लवचिकपणा जातो. मग कुणी बल्ब बदलायला खुर्चीवर गुडघा टेकला की कडकन आवाज येतो.

म्हणून होळी झाली की खुर्ची उलटी करा आणि बैठकीला खालच्या बाजूने ओलं फडकं लावा. खालूनच का? वरची बाजू म्हणजे वेताची चकचकीत साल, ती पाणी पिऊ देत नाही. खालची बाजू उघडी असते. फडकं घट्ट पिळलेलं हवं, लाकडावर पाणी साचायला नको. उन्हाळाभर अधूनमधून हे करत राहा. कूलरच्या खोलीत ठेवलेल्या खुर्चीला ओलाव्याचा फायदा होतो, पण थेट फवारा अंगावर येणार नाही अशा कोपऱ्यात ती ठेवा. अंगणातल्या उन्हात तर मुळीच नको.

बैठक नुसती झोळीसारखी लोंबली असेल आणि जाळी शाबूत असेल, तर विणायची घाई करू नका. कोमट पाण्यात बुडवलेलं फडकं खालून चांगलं दाबून लावा, जाळी भिजू द्या आणि खुर्ची रात्रभर सावलीत सोडा. वाळताना वेत आकसतो आणि बैठक पुन्हा ताणली जाते. प्लास्टिकच्या जाळीवर हा उपाय चालत नाही.

जाळी फाटलीच असेल तर नवी विणावी लागते. जुनी कापण्याआधी मोबाइलवर वरून आणि खालून फोटो काढा. चौकटीला भोकं असतील तर ती हाताने विणलेली खुर्ची. भोकं नसून खाच असेल, तर तिथे तयार जाळीचा तुकडा ठोकून बसवलेला असतो. ते काम सोपं. हाताच्या विणीत आधी उभे धागे, त्यावर आडवे, मग पुन्हा उभे, पुन्हा आडवे, आणि शेवटी दोन्ही बाजूंनी तिरपे. असे सहा फेरे झाले की ती ओळखीची अष्टकोनी भोकं उमटतात. सालीच्या पट्ट्या अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा, चकचकीत बाजू वर ठेवा. भोकात पट्टी धरून ठेवायला बांबूच्या कामटीच्या खुंट्या करा. बुरूड मंडळी त्या क्षणात तासून देतात. ओढताना फार ताणू नका, वाळल्यावर पट्टी आपोआप घट्ट होते. हे काम वैशाखात करू नये असं मला वाटतं, पट्टी हातातच वाळते आणि चिरते. पाऊस ओसरल्यावर, भाद्रपद-आश्विनात बसा. स्वतःला जमत नसेल तर जवळपासच्या अंध शाळेत विचारा. खुर्च्या विणायचं काम आपल्याकडे अंध विद्यार्थ्यांना पूर्वीपासून शिकवलं गेलं आहे, आणि बोटांनी मोजून विणलेली त्यांची जाळी बघत राहावी अशी असते.

पायांवर गुंडाळलेल्या पट्टीचं टोक सुटलं तर मात्र थांबू नका. फेव्हिकॉलचा थेंब लावा, वरून दोरा आवळा, दुसऱ्या दिवशी दोरा काढा. आज टोक सुटलं तर महिन्याभरात अख्खा पाय उघडा पडतो.

खुर्चीखाली बारीक पिवळसर भुसा दिसला तर आत कीड आहे. ती खुर्ची आधी इतर लाकडी सामानापासून वेगळी करा, मग औषधाचं बघा.

आणि ऑइलपेंट फासू नका. रंग वाळून तडकतो आणि खालचा वेत दिसेनासा होतो. जुना रंग असेल तर कोरडा घासूही नका, त्यात शिसं असू शकतं. त्यापेक्षा धूळ ब्रशने झाडून, रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या उकळलेल्या जवसाच्या तेलाचा पातळ हात फिरवा आणि उरलेलं तेल पुसून घ्या. पण ते तेलाचं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, गोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. ते बाहेर, कडब्याच्या गंजीपासून लांब, एकेक पसरून वाळवा.

नमस्कार.