पाणी नसलेला पाईप

(दृश्य: गिरगावातली जुनी इमारत, मागची बाजू)

गिरगाव-लालबागच्या जुन्या इमारती लोक समोरून बघतात. नक्षीचे कठडे, लाकडी सज्जे. आपण मागे आलोय. दोन इमारतींच्या पाठींमधली ही चिंचोळी जागा म्हणजे हाऊस गल्ली. नाकाला रुमाल लावा.

भिंतीभर बिडाचे पाईप उतरलेत. प्रत्येक सांध्यापाशी फुगीर गळा, आणि त्यात ताग ठासून ओतलेल्या शिशाची करडी कडा अजून दिसते. पण कुठला पाईप कशाचा? रंगावर जाऊ नका, गंजाने सगळे सारखेच झालेत. पाईप ओळखायचा तर त्याचा पाय बघायचा.

हा जाडा, चार इंची. कुठेही उघडा न पडता थेट जमिनीत शिरलाय. संडासाचा. शेजारच्याचं पाणी जाळीवर पडतंय. साबणाचा फेस, भाताची चार शितं. हा मोरीचा आणि स्वयंपाकघराचा. जाळीखाली गली ट्रॅप असतो. त्यात कायम पाणी साठलेलं असतं, त्यामुळे गटारातला वास वर येत नाही. कोपऱ्यातला तो गच्चीवरून येतो, पावसाच्या पाण्याचा. मुंबईत पावसाचं पाणी आणि मैलापाणी यांच्या वाहिन्या वेगळ्या आहेत, म्हणून त्याने या दोघांत मिसळायचं नसतं. निदान कागदोपत्री तरी.

(दृश्य: जाड पाईपला खेटून गेलेला बारीक पाईप)

आता हा. जेमतेम दोन इंची. कान लावला तरी पाण्याचा आवाज नाही, खाली स्वतःची वाट नाही. प्रत्येक मजल्यावरून याला एक जोड येतो, आणि त्या जोडाचा उतार नीट बघा. संडासाचे जोड मुख्य पाईपकडे खाली उतरतात. याचे मात्र वर चढतात. पाणी असं चढणार नाही. हा पाईप हवेचा आहे.

संडासाच्या भांड्याखाली नळी वाकडी असते आणि त्या वाकात साधारण दोन इंच पाणी उभं राहतं. लंडनमधले घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी 1775 साली असा वाक असलेल्या शौचकूपाचं पेटंट घेतलं. घर आणि गटार यांच्यामध्ये आडवं असतं ते एवढंच पाणी. वरच्या मजल्यावर कुणी फ्लश केलं की लोंढा पडताना मागची हवा ओढतो, आणि त्या ओढीत खालच्या मजल्याच्या वाकातलं पाणीही निघून जाऊ शकतं. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गचके देत पडतं. दुसरं भोक पाडलं की धार सरळ लागते. हा बारीक पाईप म्हणजे ते दुसरं भोक. त्याचं तोंड गच्चीच्या वर उघडं असतं. कावळ्यांनी त्यात काटक्या भरू नयेत म्हणून तारेची टोपी.

दुरुस्तीच्या कामात सर्वात आधी बळी जातो तो याचाच. ‘यातून काही येत नाही’ म्हणत कापतात, तोंड सिमेंटने बुजवतात. मग मधल्याच एका मजल्यावर वास सुटतो आणि फिनेलच्या बाटल्या रिकाम्या होत राहतात. रोगाचं कारण बाथरूमच्या बाहेर, भिंतीवर आहे, हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

तुमच्या जुन्या इमारतीत हे तपासणं सोपं आहे. वरच्या शेजाऱ्यांना फ्लश करायला सांगा आणि आपल्या भांड्यातल्या पाण्यावर नजर ठेवा. नुसतं हललं तर ठीक. गुडगुडत खाली गेलं, तर गच्चीवर जा आणि या पाईपचं तोंड मोकळं आहे का ते बघा.