शेजाऱ्याचं पिस्तूल

नमस्कार श्रोतेहो. गेल्या दिवाळीत डॅलसजवळ एका घरी आम्ही फराळाला जमलो होतो. एका मित्रानं चिवड्याची वाटी हातात असतानाच मला कोपऱ्यात ओढलं आणि हळूच विचारलं, "शेजारचे आजोबा घर विकून फ्लोरिडाला चाललेत. त्यांचं पिस्तूल मला स्वस्तात देतायत. घेऊ का? ते म्हणतात, टेक्ससमध्ये आपापसातल्या व्यवहाराला कागद लागत नाही."

आजोबा खोटं बोलत नव्हते. अमेरिकेत परवानाधारक दुकानदाराकडून बंदूक घेतली, तर 4473 क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो आणि एफबीआयकडे नाव तपासलं जातं. 1981 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर गोळीबार झाला, त्यात त्यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रेडी कायमचे अपंग झाले. त्यांच्या नावाचा कायदा 1993 मध्ये झाला आणि 1998 पासून ही झटपट तपासणी सुरू झाली. बहुतेकांना काही मिनिटांत उत्तर मिळतं. पण हे बंधन दुकानदारावर आहे. स्वतःच्या कपाटातली एखादी बंदूक विकणाऱ्या माणसावर केंद्राचा कायदा ते घालत नाही. कॅलिफोर्नियात 1991 पासून असा व्यवहारही दुकानातूनच करावा लागतो, वॉशिंग्टन राज्यानं 2014 मध्ये जनमत घेऊन तेच केलं. टेक्ससमध्ये मात्र तसं काही नाही. इथे जुनी गाडी विकली तर टायटल, म्हणजे मालकीचा कागद, बदलायला धावावं लागतं, रायफल विकली तर हस्तांदोलन पुरतं.

आपल्याकडे हे ऐकून लोक डोक्याला हात लावतील. गावाकडे ज्यांच्या घरात बाराबोर आहे, त्यांना निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची सवय असते. 1959 च्या शस्त्र कायद्यानं भारतातही खाजगी विक्रीला वाट ठेवली आहे, पण कोणाला विकणार ते नाव-पत्त्यासह आधी लेखी कळवायचं आणि 45 दिवस थांबायचं. घेणाऱ्याकडे परवाना हवा, हे तर वेगळं सांगायलाच नको.

मित्राची चूक कायदा वाचण्यात नव्हती, त्यातून अर्थ काढण्यात होती. कोणी तपासत नाही, म्हणजे चालतं, असं त्यानं धरलं. तो एच-वन-बी व्हिसावर आहे, ग्रीन कार्डाच्या रांगेत केस पांढरे झाले. आणि अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला केंद्राच्या कायद्यानं मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना वगैरे असेल तर सूट आहे, ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई लागू नाही. दुकानात गेला असता तर फॉर्मवरच्या प्रश्नानं त्याला अडवलं असतं. कुंपणाशी कोण अडवणार? 2022 पासून या गुन्ह्याला 15 वर्षांपर्यंत कैद आहे, आणि शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परदेशी माणसाची मायदेशी रवानगीही होऊ शकते.

यात आजोबाही अडकतात बरं का. विक्रेत्यानं तपासणी करायची नसली, तरी घेणारा अपात्र आहे हे माहीत असताना, किंवा तसं वाटायला सबळ कारण असताना विकणं हा गुन्हाच आहे. या शेजाऱ्याला मित्रानं ग्रीन कार्डाचं रडगाणं इतकी वर्षं ऐकवलंय, की "मला ठाऊक नव्हतं" हे कोणत्या तोंडानं सांगणार?

टेक्ससमधल्याच ओडेसा गावची गोष्ट इथे अजून निघते. 31 ऑगस्ट 2019 ला तिथे आणि मिडलंडमध्ये एका माणसानं गोळ्या झाडून सात जणांचा जीव घेतला. 2014 मध्ये दुकानात तो तपासणीत नापास झाला होता. मग रायफल मिळाली ती दुकानाबाहेर, एका खाजगी विक्रेत्याकडून. त्या विक्रेत्याला पुढे दोन वर्षांची शिक्षा झाली, ती परवान्याशिवाय बंदुकांचा धंदा केल्याबद्दल आणि खोटं कर विवरणपत्र भरल्याबद्दल.

अशा विनातपासणी विक्रीसाठी बंदूक प्रदर्शनांच्या, म्हणजे बंदुका विकायला मांडलेल्या जत्रांच्या, नावानं बोटं मोडायची इथे पद्धत आहे, ती मला अर्धवट वाटते. 2016 मध्ये कैद्यांची पाहणी झाली. गुन्ह्याच्या वेळी ज्यांच्याजवळ बंदूक होती, त्यांतल्या एक टक्क्याहून कमी जणांनी ती प्रदर्शनातून घेतली होती. 43 टक्क्यांनी रस्त्यावरच्या चोरबाजारातून, आणि साधारण पाव जणांनी नात्यातून, मित्रांकडून. ही मंडळी फॉर्म भरणारी नव्हेत, हा बंदूकवाल्यांचा मुद्दा खोटा नाही. सरकारी यादीची त्यांना भीती असते, म्हणून 1986 च्या कायद्यानं देशव्यापी नोंदवहीलाच बंदी घातली. त्यामुळे गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा माग कारखाना, घाऊक व्यापारी, दुकान, पहिला गिऱ्हाईक असा काढत जावं लागतं. त्या गिऱ्हाईकानं "विकली हो कुणाला तरी" म्हटलं की वाट संपली. पोलीस मात्र आधी त्याच्याच दारात येतात.

म्हणून इथले जाणते विक्रेते स्वतःच काळजी घेतात. काही जण टेक्ससचं ड्रायव्हिंग लायसन्स आणि शस्त्र जवळ बाळगण्याचा परवाना दाखवल्याशिवाय पुढे बोलतच नाहीत, दोघांच्या सह्यांची विक्रीपावती ठेवतात. तात्पुरत्या मुक्कामावरच्या माणसाच्या लायसन्सवर 'लिमिटेड टर्म' छापलेलं असतं, ते बघतात. त्याहून बरा उपाय म्हणजे दोघांनी मिळून परवानाधारक दुकानात जायचं. थोडी फी घेऊन दुकानदार तपासणी करतो, नोंद त्याच्या वहीत राहते. एक गोष्ट मात्र त्याच्या संगणकालाही दिसत नाही. घेणारा गेले महिनाभर खचलेला आहे, घाईघाईनं मागतोय, हे ओळखीच्याच माणसाला दिसतं. या देशात बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. अशा वेळी ओळखीच्या माणसाला नाही म्हणणं जड जातं, तरी म्हणावं.

मित्राला मी हे सगळं त्या चिवड्यासकट ऐकवलं. तो म्हणाला, "पण त्यांना आता नाही कसं म्हणू?" शेवटी त्याच्या बायकोनंच जाऊन खरं ते सांगितलं. आजोबा म्हणाले, "बरं झालं सांगितलंस," आणि पिस्तूल दुकानदाराला विकून आले. मित्रानं त्यांच्याकडून गवत कापायचं यंत्र घेतलं, 40 डॉलरला.