लोकरीखालची कातडी

नमस्कार श्रोतेहो.

अंगोरा जातीचा ससा मांडीवर घेतला की बोटं लोकरीत पार बुडून जातात. एवढ्या मऊ ढिगाखाली ससा नेमका कुठे सुरू होतो, तेही चटकन कळत नाही. आज मला त्या ढिगाखालच्या कातडीबद्दल बोलायचं आहे. कारण कंगवा किंवा ब्रश घेताना आपल्या डोळ्यांसमोर केस असतात, आणि इजा होते ती कातडीला.

सशाची कातडी फार नाजूक. जोरात ओढली गेली तर ती फाटू शकते. आमच्या घरी पहिला अंगोरा आला तेव्हा मी कुत्र्यासाठी मिळणारा तारांचा ब्रश आणला होता, ज्याला स्लिकर म्हणतात तो. ससा शांत बसून राहिला आणि मला वाटलं, त्याला आवडतंय. दुसऱ्या दिवशी लोकर बाजूला सारली तर पाठीवर बारीक लाल रेघा! ससा दुखलं तरी सहसा ओरडत नाही. ज्याची शिकार होते तो प्राणी वेदना लपवतो. त्या रेघा मला आजही आठवतात.

तेव्हापासून मी नवं साधन आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून बघते. तिथे टोचलं, ओरखडा उठला, की ते सशासाठी नाही. तुम्हीही एवढं करूनच बघा.

पहिली खरेदी कंगव्याची. धातूचा घ्या, अर्ध्या भागात विरळ दाते, अर्ध्या भागात थोडे दाट, आणि टोकं गोल घासलेली. प्लॅस्टिकच्या कंगव्याने केसांत वीज भरते, ते उडतात आणि चिकटतात. दाते लांब हवेत, कारण ते मुळापर्यंत पोचायला हवेत. अंगोऱ्याचा केस साधारण ११ ते १४ मायक्रॉन जाडीचा असतो. आपला केस त्याच्या कितीतरी पट जाड. इतके बारीक केस एकमेकांवर घासले की त्यांचा नमदा, म्हणजे केसांचा दाट गुंतलेला थर, व्हायला लागतो. आखूड दात्यांचा ब्रश वरवर फिरतो, ससा छान फुललेला दिसतो, आणि आत कातडीला लागून नमदा घट्ट होत जातो. म्हणून हाताने लोकरीत भांग पाडायचा, कातडीची पांढरी रेघ दिसली पाहिजे, आणि मग तिथून टोकाकडे विंचरत यायचं. एक भांग झाला की बोटभर अंतरावर दुसरा.

स्लिकर ब्रश अगदी वाईट असतो असं मी म्हणणार नाही. मऊ तारांचा, खाली गादी असलेला, आकाराने लहान असा मिळाला तर लोकरीच्या वरच्या थरावर तो चांगलं काम करतो. फक्त दाबायचा नाही. मात्र गळणारे केस ओढून काढणारी धातूची पात्याची साधनं मिळतात, ती सशाजवळ आणूच नका. रबरी हातमोजा लायनहेड जातीच्या सशाच्या पाठीवर ठीक आहे, कारण या जातीची लांब आयाळ मुख्यतः मानेभोवती असते. अंगोऱ्याच्या लोकरीत तो नुसता घसरतो.

आणखी एका साधनाबद्दल आवर्जून सांगते. अंगोरा पाळणारे अनेक जण ब्लोअर वापरतात. गरम न होणारी, नुसती जोराची हवा. तिने लोकर मुळापासून उघडते, अडकलेला कोंडा आणि गवताच्या काड्या उडून जातात, आणि कातडी कशी आहे ते डोळ्यांना दिसतं. आवाजाची सवय हळूहळू लावा, तोंडावर आणि कानांत हवा मारू नका. आपला केस वाळवायचा गरम ड्रायर मात्र या कामाचा नाही.

आता गाठी. त्या कानामागे, हनुवटीखाली, काखांत, जांघेत आणि शेपटीजवळ होतात, म्हणजे नेमकं जिथे आपण हात घालायचं टाळतो तिथे. लहान गाठ बोटांनी सोडवा, केस मुळाशी धरून, म्हणजे कातडीला ओढ बसत नाही. जुनी गाठ कापावी लागते, आणि सगळ्यात जास्त जखमा याच वेळी होतात. गाठ वर ओढली की तिच्याबरोबर कातडीही तंबूसारखी वर येते, आणि कात्री तिच्यावर चालते. म्हणून गाठ आणि कातडी यांच्या मधे कंगवा सरकवायचा आणि कंगव्याच्या वरूनच कापायचं. कात्री बोथट टोकाची हवी. गाठ ओली करू नका, ती आणखी आवळते. सशाला अंघोळ तर घालूच नका. भिजलेली लोकर लवकर वाळत नाही, अंग गारठतं, आणि भीतीने त्याचा जीवही जाऊ शकतो. तळपायांचे केस कापू नका. सशाला कुत्र्यासारख्या गाद्या नसतात, त्या केसांवरच तो उभा असतो.

माझं स्पष्ट मत सांगते. घरात प्रेमाने पाळलेल्या अंगोऱ्याला लांब लोकरीची गरज नाही. ती महिन्याला साधारण अडीच सेंटीमीटर वाढते. दर तीन महिन्यांनी दोन-तीन सेंटीमीटर ठेवून कापून टाकली तर ससाही मोकळा होतो आणि तुम्हीही.

विंचरताना एक डोळा सशाच्या लेंड्यांवर ठेवा. ससा स्वतःला चाटतो, केस पोटात जातात, आणि त्याला उलटी करता येत नाही. लेंड्या केसांत माळेसारख्या ओवलेल्या दिसल्या तर विंचरणं वाढवा आणि भरपूर वाळलेलं गवत पुढ्यात ठेवा. त्या लहान झाल्या, कमी झाल्या किंवा बंद झाल्या, त्याने खाणं सोडलं, तर कंगवा बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी त्याला पशुवैद्याकडे न्या. सकाळची वाट बघू नका.