सत्तावीस खुर्च्यांपैकी एक आपली

(नेदरलँड्समधील मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

मंडळी, नमस्कार.

जून 2024 मध्ये माझ्या मुलीने युरोपीय संसदेसाठी आयुष्यातलं पहिलं मत दिलं. बाहेर येताच तिने विचारलं, "बाबा, सव्वीस देश हो म्हणाले तरी एकाच्या नकाराने काम अडतं. मग माझ्या मताने काय होणार?" मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही.

तिच्या डोक्यात सत्तावीस देशांच्या युरोपीय संघाच्या नेत्यांची 14 डिसेंबर 2023 ची ब्रसेल्समधली बैठक होती. युक्रेनशी संघाच्या सदस्यत्वाच्या वाटाघाटी सुरू करायला हंगेरीचे पंतप्रधान ऑर्बान यांचा विरोध होता. अखेर ते दालनाबाहेर गेले आणि उरलेल्या सव्वीस जणांनी निर्णय घेतला. त्याच रात्री युक्रेनसाठीची 50 अब्ज युरोंची मदत मात्र त्यांनी अडवून धरली. तिला मंजुरी मिळाली 1 फेब्रुवारीला. युद्धात होरपळणाऱ्या देशाला दीड महिना ताटकळत ठेवणारा हा नियम मला मान्य नाही.

परराष्ट्र धोरण, निर्बंध, कर, नवे सदस्य, इथे आजही एकमत लागतं. बाकीचे बहुतेक कायदे विशेष बहुमताने होतात: किमान 15 देश आणि संघाची 65 टक्के लोकसंख्या. यात लहान देश भरडले जातील, ही भीती मी आपल्या डच शेजाऱ्यांकडून बरेचदा ऐकतो. पण जर्मनी, फ्रान्स आणि इटली यांची लोकसंख्या मिळून संघाच्या निम्म्याजवळ जाते, तरी तिघांना मिळूनही प्रस्ताव रोखता येत नाही. 65 टक्के भरत नसले, तरी रोखण्यासाठी नियमाने चौथा देश सोबत लागतो.

संघाचे नियम ठरवणाऱ्या लिस्बन करारातच एक वाट ठेवलेली आहे. सर्व नेत्यांनी ठरवलं, तर संरक्षण वगळून बरेच विषय करार न बदलता बहुमताकडे नेता येतात. अडचण एवढीच, की एकमत सोडायलाही एकदा एकमत लागतं.

2021-22 मध्ये युरोपच्या भवितव्यावर परिषद झाली. चिठ्ठ्या टाकून निवडावेत तसे 800 सामान्य नागरिक बोलावले गेले, त्यांत एक तृतीयांश 16 ते 25 वयाचे. परिषदेतून 49 प्रस्ताव निघाले. नव्या सदस्यांचा प्रवेश आणि संघाची मूलतत्त्वं सोडली, तर बाकी सारं बहुमताने ठरावं, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. मला यात फार मोठी आशा दिसते. 2005 मध्ये याच नेदरलँड्सने संघाची प्रस्तावित युरोपीय राज्यघटना सार्वमतात 61 टक्क्यांहून अधिक मतांनी नाकारली होती. लोकांना आधी विचारलं नाही की ते शेवटी असं उत्तर देतात.

मुलीला मी नंतर सांगितलं ते असं. त्या बैठकीतल्या सत्तावीस खुर्च्यांपैकी एक हेगहून, म्हणजे डच सरकार जिथे बसतं त्या शहरातून, भरते, आणि तिथे कोण बसणार हे इथल्या संसदेच्या निवडणुकीत ठरतं. आपल्यापैकी ज्यांनी डच नागरिकत्व घेतलं आहे, त्यांनी पुढच्या प्रचारात दारात आलेल्या प्रत्येक उमेदवाराला विचारावं: एकमताची अट सोडायला तुमचा पक्ष तयार आहे का?