पाचशे लिंका आणि एक पातेलं

(दृश्य: भट्टी, निखारे, चिमट्यात धरलेलं पातेलं)

पातेलं तापलं का हे मामा हात लावून बघत नाहीत. कथिलाची कांडी कडेला टेकवायची, चटकन ओघळली की झालं तापून. मग नवसागराची चिमूट, हा असा पांढरा धूर, नाकात चांगलाच जातो, आणि आता नीट बघा, कापसाचा बोळा फिरतो तसतसं लाल तांबं चांदीसारखं होत जातं. हे एका दमात करावं लागतं, मध्ये हात थांबला की डाग राहतो. तांब्या-पितळेच्या भांड्यात कल्हईशिवाय ताक, आमटी, चिंचेचं काहीही ठेवलं तर कळकतं, हे आपल्या आज्यांना माहीत होतं. आपल्यातल्या बऱ्याच जणांना नाहीये.

आता तुम्हाला वाटेल व्हिडिओ कल्हईवर आहे. तर आहे तो वेबसाइटवर. मामांचं दुकान जुन्या नाशकात, भांडी बाजाराजवळच्या एका बोळात, आणि त्यांची साइट बघायचं काम माझ्याकडे, भाच्याकडे. ती साइट गूगलमध्ये पार तळाला गेली होती आणि वर आली ती या पातेल्यामुळे.

(दृश्य: सकाळचा भांडी बाजार, दुकानाबाहेर लावलेले हंडे, घंगाळं)

बाहेरगावचा माणूस गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, अंघोळ उरकून बाजारात येतो आणि विचारतो, तांब्याचा चांगला हंडा कुठे मिळेल हो? रस्त्यात कुणीही एखादं दुकान सांगतं. पण सराफ बाजारातल्या जुन्या पेढीवरच्या काकांनी नाव सांगितलं, ज्या काकांना अख्खा बाजार मानतो, तर तो माणूस दुसरीकडे विचारतच नाही. गूगल सुरुवातीला याच हिशोबावर उभं राहिलं. १९९६ साली स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीत लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोघा विद्यार्थ्यांनी एक प्रोजेक्ट सुरू केला, त्याचं तेव्हाचं नाव बॅकरब, आणि काम काय तर कुठल्या पानाकडे कुणाकुणाच्या लिंका येतात ते मोजायचं, म्हणजे संशोधन करणारे लोक एकमेकांच्या लेखांचा संदर्भ देतात ना, तसंच. एका पानाने दुसऱ्याला लिंक दिली की ते एक मत. पण सगळ्या मतांचं वजन सारखं नाही. ज्या पानाकडे स्वतःकडेच चांगल्या लिंका येतात त्याचं मत जड, आणि ज्याने शंभर जणांना लिंका वाटल्यात त्याचं वजन शंभर ठिकाणी वाटून जातं. यालाच पेजरँक म्हणतात. आज गूगल इतर भरपूर गोष्टी बघतं, तरी लिंक त्यात अजून आहेच.

(दृश्य: लॅपटॉपची स्क्रीन, सर्च कन्सोल, बोट हळूहळू खाली सरकतंय)

हा सर्च कन्सोल नावाच्या गूगलच्या टूलमधला लिंक्सचा रिपोर्ट, आपल्याकडे कुणाकुणाच्या लिंका येतात ते दाखवणारा. कुणीही आपल्या साइटचा फुकट बघू शकतं. आणि यात काय दिसतंय बघा, जुगाराच्या साइट, गोळ्या-औषधांच्या साइट, ज्यांची भाषा आपल्याला वाचता पण येत नाही अशा साइट, आणि या सगळ्यांनी म्हणे नाशिकच्या तांब्याच्या दुकानाला लिंक दिलीये. एका एजन्सीने फोनवर पॅकेज विकलं होतं, महिन्याला पाचशे लिंका, आणि मामांनी माझ्याकडे बघून हो म्हटलं. मी एकदाही विचारलं नाही की या लिंका येणार कुठून. ते मला विचारायला पाहिजे होतं.

खालचा कॉलम बघा, लिंकवर जे शब्द असतात ते. बेस्ट कॉपर बॉटल ऑनलाइन. बेस्ट कॉपर बॉटल ऑनलाइन. परत तेच.

(दृश्य: भांड्यावर नाव घालायचं मशीन, सुईचा क्लोजअप)

हे नाव घालायचं मशीन. कर्रकर्र आवाज येतोय तो त्याचाच. आपल्याकडे लग्नात भांडं दिलं की त्यावर नाव घालतात, कुणाकडून, कुणाला, तारीख. कुणी 'आत्याकडून' लिहितं, कुणी 'समस्त मित्रमंडळ', कुणी फक्त आडनाव. घरातली सगळी भांडी काढून मांडली आणि प्रत्येकावर एकच मजकूर एकाच अक्षरात निघाला तर लहान पोर पण सांगेल की ही भेट आलेली भांडी नाहीत, हे एकाच माणसाने बसून केलंय. गूगलला ते कळायला लागलं २०१२ च्या एप्रिलपासून, पेंग्विन नावाचा अपडेट आला तेव्हा. २०१६ नंतर अशा लिंका बहुतेक वेळा नुसत्या मोजल्याच जात नाहीत, पैसे पाण्यात. पण गूगलमधल्या माणसाने स्वतः बघून ठरवलं तर सरळ कारवाई होते, आणि आमच्यावर झाली. त्या पावसाळ्यात ऑनलाइन ऑर्डर जवळपास बंद पडल्या, दोन कारागीर काही महिने घरी बसले.

मग साफसफाई. एकेका साइटला मेल, लिंक काढा म्हणून, बहुतेकांचं उत्तरच नाही. जे राहिले त्यांची यादी एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, एका ओळीत एक डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, आणि ती गूगलच्या डिसअव्हाऊ टूलमध्ये टाकायची, म्हणजे या लिंका आमच्या नावावर धरू नका. ज्यांनी असलं काही विकत घेतलेलं नाही त्यांनी या टूलच्या नादी लागू नका, गरज नसते. मग फेरतपासणीचा अर्ज, त्यात जे झालं ते खरं खरं लिहिलं, पैसे दिले हे पण. कारवाई उठली. पण उठली म्हणजे साइट वर आली असं नाही होत, खोटा आधार निघून गेलेला असतो आणि खरा अजून उभाच केलेला नसतो.

(दृश्य: मामी खुर्चीवर, समोर चार भांडी, बोटाने दाखवतीये)

इथे मामी आली. मी म्हटलं, आपल्याकडे असं काय आहे जे नेटवर कुठेच धड नाहीये? मामी म्हणाली, अरे रोज दोन बायका फोन करून विचारतात की कल्हई किती दिवस टिकते, तेवढं लिही ना. बस. तिथून ते पान तयार झालं. मामी सांगायची, मी टाइप करायचो. कल्हई गेली हे कसं ओळखायचं, आतून तांबं डोकावायला लागलं की. रिकामं भांडं गॅसवर का ठेवायचं नाही, तर कथील २३२ अंशालाच वितळतं, रिकामं पातेलं तिथपर्यंत बघता बघता पोचतं. तारेच्या घासणीने का घासायचं नाही. नवसागराचा धूर बंद खोलीत का नको. आणि सुरुवातीला तुम्ही बघितला तो शॉट, तो त्या पानासाठी काढलेला, सहा पातेली झाली तेव्हा एक नीट मिळाला, मामांनी एकदाही कुरकुर केली नाही.

(दृश्य: परत भट्टी, मग हातोडी आणि मठारकामाचे ठोके)

ठोके ऐका. तांबं ठोकत गेलं की कडक होत जातं, मग तसंच ठोकलं तर चिरतं, म्हणून परत भट्टीत लाल करून मऊ करायचं आणि परत बसायचं. हंड्याला हे कितीदा तरी होतं. लिंकांचं काम मला या आवाजावरूनच आठवतं, रात्री दुकान बंद झाल्यावर मी मेल लिहायचो, प्रत्येक मेल वेगळा, आधी त्या माणसाचं पान पूर्ण वाचायचं आणि मगच लिहायचं.

एका कॉलेजच्या पानावर स्वयंपाकाच्या भांड्यांची माहिती होती, त्यात कल्हईची लिंक मेलेली, उघडली की चारशे चार, म्हणजे पान सापडत नाही. त्यांना कळवलं की ही लिंक चालत नाहीये, याच विषयावर आमच्याकडे हे आहे, योग्य वाटलं तर लावा. लावली. एका बातमीत दुकानाचा उल्लेख होता पण लिंक नव्हती, त्यांना नुसती आठवण केली. पारंपरिक पदार्थांवर लिहिणाऱ्या एका ताईंनी तर आम्ही काही न मागताच दिली, आणि लिंकवरचे शब्द काय, तर 'नाशिकच्या मामींनी सांगितलंय तसं'. हे शब्द कुठल्या पॅकेजमध्ये मिळणार?

एकाने पैसे मागितले, नाही म्हटलं. एकीला आम्ही भेट म्हणून तांब्या पाठवणार होतो, लिंकच्या बदल्यात. तेही गूगलच्या नियमात बसत नाही, वस्तू दिली तरी ती विकत घेतलेलीच लिंक, तिला कोडमध्ये स्पॉन्सर्ड असा टॅग लावावा लागतो, म्हणजे ही लिंक मत म्हणून धरू नका अशी गूगलसाठी खूण. २०१९ पासून तो वेगळा टॅग आहे, त्याआधी २००५ पासूनचा नोफॉलो वापरायचे. तांब्या पाठवला, लिंक मागितली नाही.

वर्षभरात अकरा लिंका. अकराच. कल्हईच्या पानावरून हंडे-पातेल्यांच्या पानांकडे आपल्याच साइटमधल्या लिंका नीट जोडल्या, म्हणजे आलेलं वजन आत पोचतं. साइट पहिल्या पानावर आली, दोघं कारागीर परत कामावर आलेत.

(दृश्य: संध्याकाळ, दुकानाचा उंबरा, पिशवीतून काढलेलं काळं पडलेलं पातेलं)

या आजी पंचवटीतून आल्यात, नातवाने मोबाइलवर पान दाखवलं म्हणून. पातेल्याच्या काठावर नाव आहे, घासून घासून अर्धं गेलंय. मामा ते उजेडाकडे धरून वाचतायत.

(आवाज: हातोडी, दूरवर आरतीची घंटा)