मंडळ कोण चालवणार? खानदेशातली हौशी कबड्डी

[दृश्य: तापीकाठचं गाव, सकाळ. शाळेमागचं मैदान. दोन पोरं फावड्यानं ढेकळं फोडतायत.]

खानदेशात कबड्डी खेळणारे शोधावे लागत नाहीत. रावेर-यावलच्या बागांत केळीचे घड खांद्यावर घेऊन चिखलातून झपाझप चालणारी पोरं आहेत. धडगावच्या चढणीवर वाढलेल्या मुली आहेत, त्यांचा दम सपाटीवरच्यांना लाजवतो. पहाटे पोलीस भरतीसाठी रस्त्यानं धावणारी टोळकी जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत दिसतील. त्यातली बरीचशी संध्याकाळी मैदानात असतात.

शोधावा लागतो तो दुसराच माणूस. संघाची प्रवेशिका भरणारा, जन्मदाखले गोळा करणारा, ट्रॅक्टरची ट्रॉली मागायला चार दारं फिरणारा आणि सामना संपून सगळे पांगले की रेषा आखायच्या फक्कीची पिशवी उचलून ठेवणारा. एका मंडळात असा एखादाच असतो. तो थकला की मंडळ थकतं. ही फिल्म त्याच्याबद्दल आहे.

[दृश्य: नाना जमिनीवर दोरी ताणतायत. दोरीच्या गाठींचा क्लोजअप.]

चोपडा तालुक्यातल्या या गावात त्यांना लहानथोर सगळे नाना म्हणतात. दिवसा ते दूध सोसायटीत हिशेब लिहितात. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी आहे. नाना डाव्या कोपऱ्यात खेळायचे. चढाईवाल्याचा घोटा धरताना बोट मोडलं, घरीच फडक्यानं बांधलं, आणि ते तसंच जुळलं.

ही दोरी त्यांनीच तयार केली आहे. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा, चढाईवाल्यानं ओलांडायचीच ती, तिथून १ मीटरवर जादा गुणाची बोनस रेषा. प्रत्येक मापाला एक गाठ. काही गाठींवर लाल चिंधी दिसते, ती मुलींच्या मैदानाची, १२ बाय ८. टेप हरवतो, कोणी नेला तर परत येत नाही, म्हणून ही दोरी. मैदान आखायला नानांना आता पट्टी लागत नाही, मदतीला एक पोरगा आणि दोन खिळे पुरतात.

पण आखायच्या आधी माती करावी लागते, आणि खानदेशात हेच अवघड. कापसाला मानवणारी इथली काळी जमीन कबड्डीला चालत नाही. ओली झाली की तळव्याला चिकटते, सुकली की तडकते आणि भेगेत अंगठा अडकतो. म्हणून तापीच्या काठावरची गाळाची माती ट्रॉलीनं आणायची, चाळणीनं खडे काढायचे, पसरायची, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. पावसाळा येऊन गेला की पुन्हा पहिल्यापासून. या कामाला कुठलंही अनुदान नाही. वीस वर्षांपूर्वी ज्यांनी ही माती टाकली, त्यांची पोरं आज ती टाकतायत.

[दृश्य: जिल्ह्याच्या ठिकाणचं मैदान. मॅटचे तुकडे जोडणारे हात.]

इतकं करून मातीवर तयार झालेला संघ जिल्हा निवड चाचणीला जातो, आणि तिथे मॅट असते.

२०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि हा खेळ घराघरांतल्या टीव्हीवर आला. पोरांना स्वप्न मिळालं, ते खरंच मोठं आहे, त्याला नावं ठेवायला आम्ही आलेलो नाही. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत भारतानं कबड्डीचं पहिलं सुवर्ण घेतलं, तेव्हा ते पाहायला गावात टीव्ही किती होते? पण मॅट जिल्ह्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. गावात अजून मातीच. मातीवर अनवाणी पाय रुतवून वळायची सवय असलेला पोरगा मॅटवर बूट घालून उतरतो, बऱ्याचदा ते बूट बदली खेळाडूचे असतात, आणि पहिल्या दोन-तीन चढाया पायाचा अंदाज घेण्यातच जातात. निवड समितीला त्याच चढाया दिसतात.

मॅटचं गणित साधं आहे. १ मीटर बाय १ मीटरचा तुकडा, कडेला दाते, एकात एक अडकवायचे. नुसतं खेळाचं क्षेत्र झाकायला १३० तुकडे लागतात, शिवाय बाहेरची पट्टी. ते ठेवायला कोरडी खोली हवी, कारण उंदीर दाते कुरतडतात आणि एक दाता तुटला की तिथली कड उचकटते. त्याच कडेला पाय अडकून गुडघा जातो. आणि मे महिन्यात, जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे असतो तेव्हा, दुपारी मॅटवर पाय ठेवून बघा. म्हणून उन्हाळी स्पर्धा सायंकाळनंतर, दिव्यांच्या उजेडात. उजेड म्हणजे विजेची तात्पुरती जोडणी, जनरेटर, पोलिसांची परवानगी, आणि रात्री १० ला ध्वनिक्षेपक बंद. गुण पुकारणारा आवाज थांबतो आणि उपांत्य सामना अजून बाकी असतो.

[दृश्य: कापसाचं शेत. वेचणीच्या रांगा.]

दिवाळी सरली की खानदेशात कापूस घरी येतो. नेमका याच सुमारास संघटनेचा, शाळांचा आणि कॉलेजांचा स्पर्धांचा हंगाम भरात असतो. संघातल्या सात जणांपैकी पाच जण मजुरीवर जाणारे. सराव बुडाला तर चालतं, रोज बुडाला तर घरात कळतं.

“नाना, माले कापूस येचाले जानं शे,” असं पोरगा फोनवर सांगतो, आणि नाना त्याला रागावत नाहीत. “जाय भो,” एवढंच म्हणतात.

बुडालेल्या मजुरीचा प्रश्न जगात दुसरीकडेही आला होता. इंग्लंडच्या उत्तरेकडचे रग्बी खेळाडू खाणीत आणि गिरणीत राबणारे होते. सामन्यासाठी सुट्टी घेतली की पगार कापला जायचा. तो भरून द्यावा, एवढीच क्लबांची मागणी होती. ती नाकारली गेली, तेव्हा १८९५ साली हडर्सफील्डला जमून या क्लबांनी वेगळी चूल मांडली. आजची रग्बी लीग त्यातून आली. खेळाडूला खेळायचं असतं, पण त्या दिवसाची चूल कोणी पेटवायची, याचं उत्तर आयोजकाला द्यावंच लागतं. आमच्याकडे ते उत्तर अजून प्रत्येक नाना आपापल्या खिशातून देतो.

सातपुड्यात हे आणखी कठीण आहे. धडगाव, अक्कलकुवा भागातली कुटुंबं ऊसतोडीला आणि इतर मजुरीला बाहेर पडतात, पोरांसकट. ऑगस्टमध्ये बांधलेला संघ डिसेंबरात गावातच नसतो. सपाटीवरची पोरं सुरतेला जातात. सुरत-भुसावळ रेल्वे नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव अशी थेट धावते, त्यामुळे जाणं सोपं आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती परत येतात आणि आठवडाभर गावाचा संघ पुरा होतो. कित्येक गावांनी म्हणून आपल्या स्पर्धा आखाजीच्या आसपास ठेवल्या आहेत. आमच्या मते हे फार शहाणपणाचं आहे. वेळापत्रक गावाकडे बघूनच ठरायला हवं.

[दृश्य: स्पर्धेचं मैदान. शिट्टी. गुणलेखकाचं टेबल.]

एका सामन्याला किती माणसं लागतात? एक सरपंच, म्हणजे सामन्याचा मुख्य पंच, दोन पंच, एक गुणलेखक, दोन सहायक गुणलेखक. सहा. जिल्हा स्पर्धेत तीन मैदानं एका वेळी चालवायची तर अठरा माणसं, सकाळपासून रात्रीपर्यंत, चहा-नाश्ता-जेवणासकट. ही माणसं पंच परीक्षा उत्तीर्ण झालेली लागतात आणि त्यातली बहुतेक शाळांतले क्रीडाशिक्षक आहेत. क्रीडाशिक्षक निवृत्त झाले आणि जागा भरली नाही, की शाळेचा तास जातोच, पण तालुक्याचा एक पंचही जातो. हे दुसरं नुकसान कुठल्याच कागदावर येत नाही.

प्रेक्षक पंचांना शिव्या देतात. आम्ही चित्रीकरण करत होतो तेव्हाही दिल्या. लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्टीत, पाय आधी पडला की झटापट आधी झाली, हे क्षणात सांगायचं असतं आणि पुन्हा बघायला इथे कॅमेरा नसतो. साठीला आलेले एक गुरुजी सरपंच म्हणून दिवसभर उन्हात उभे होते. मानधन विचारलं तर म्हणाले, पेट्रोल निघतं.

आणि दुसऱ्या बाजूला मोठ्या बक्षिसांच्या खुल्या स्पर्धा आहेत. निवडणूक जवळ आली की चषक वाढतात. मंडप, रोषणाई, व्यासपीठावर सत्कार. आम्ही त्यांच्या विरोधात नाही, गर्दी जमते आणि पोरांना चार पैसे मिळतात. पण पहिलं बक्षीस मोठं झालं की बाहेरून खेळाडू आणले जातात आणि गावाचं नाव असलेल्या जर्सीत गावातला एकही नसतो. त्या एका रात्रीच्या मंडपाच्या खर्चात एखाद्या मंडळाचं अख्खं वर्ष निघालं असतं. हे देणाऱ्यांना कोणी समोरासमोर सांगत नाही, म्हणून आम्ही इथे सांगतोय.

[दृश्य: दूध सोसायटीची मागची खोली. पत्र्याची पेटी. नाना कुलूप उघडतात.]

आता ही पेटी. आम्हाला या फिल्ममध्ये जर एकच गोष्ट दाखवायला सांगितली असती, तर आम्ही हीच दाखवली असती.

आत गुणपत्रकं आहेत. प्रत्येक सामन्याचं, दोन्ही संघांच्या खेळाडूंची नावं, चढाईचे गुण, पकडीचे गुण, लोण (अख्खा संघ बाद), बाद झालेले, खाली पंचांच्या सह्या. कडा पिवळ्या पडल्यात, काहींवर चहाचे डाग आहेत. सुतळीनं वर्षवार बांधलेली. सोबत हजेरीपट आणि प्रवेशिकांच्या प्रती.

महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी खेळाडूचं प्रमाणपत्र पडताळलं जातं. बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यात उघडकीला आल्यापासून ही तपासणी काटेकोर झाली, आणि ते योग्यच आहे. पण त्यात खरा खेळाडूही अडकतो. पाच-सहा वर्षांपूर्वीची स्पर्धा झाली होती का, किती संघ होते, हा खेळाडू त्यात होता का, याचे कागद मागितले जातात. कागद असले तर पोरगं खाकी वर्दीत दिसतं. कागद नसले तर सगळ्या गावानं डोळ्यांनी पाहिलेला सामनाही झालेलाच नसतो.

म्हणून नाना पावसात गुणपत्रक शर्टाच्या आत घालतात. म्हणून स्पर्धा संपल्यावर ते रात्री दोनपर्यंत बसून निकालाची प्रत करतात. शेजारच्या तालुक्यातल्या एका मंडळाची अशीच पेटी घराच्या दुरुस्तीत रद्दीत गेली. त्या संघातून खेळलेली पोरं आता कागदासाठी जुन्या पंचांची घरं शोधत फिरतायत.

[दृश्य: मुलींचा सराव. अंधार पडत आलाय. एसटी स्टँड.]

मुलींच्या संघाला मैदानाच्या आधी खोली लागते, कपडे बदलायला. स्वच्छतागृह लागतं. सोबत एक बाई लागते, आणि स्पर्धेच्या गावाहून परतायला शेवटची एसटी. चोपडा, शिरपूर, शहादा या गावांना रेल्वे नाही. उशीर झाला की क्रूझर ठरवावी लागते, आणि तिचं भाडं मुलींच्या संघाला परवडत नाही, कारण मुलींच्या सामन्यांना वर्गणी कमी मिळते. हे आम्ही अंदाजानं बोलत नाही, मंडळाच्या वहीत दोन्ही संघांची पानं शेजारी शेजारी आहेत.

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणजे नेमके हेच तीन जिल्हे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांमुळे मुली तीन वर्षं खेळतात, चांगल्या खेळतात. पदवी झाली की बहुतेकींचं लग्न ठरतं आणि उजवी मध्यरक्षक सासरी जाते. मंडळांनी त्यांना पुन्हा कधी बोलावलंच नव्हतं.

[दृश्य: शाळेचा वर्ग. बाकांवर बसलेली माणसं. फळ्यावर खडूनं लिहिलेली गावांची नावं.]

होळीनंतर या वर्गात बैठक झाली. तीन गावांची मंडळं होती. भांडणही झालं, पूर्वी एका सामन्यात मारामारी झालेली दोन गावं समोरासमोर होती. नानांनी दोघांना बोलू दिलं, मग विषय मॅटवर आणला. एकट्या गावाला मॅट झेपत नाही. तिघांनी मिळून घ्यायची, जिथे कोरडी खोली आहे तिथे ठेवायची, पाळीनं वापरायची, आणि तुटलेल्या तुकड्याचा खर्च त्या महिन्यात वापरणाऱ्यानं द्यायचा.

दुसरा विषय नोंदणीचा होता. एका मंडळाचे अध्यक्ष वारले, नवे निवडले गेले, पण धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज कोणी दिलाच नाही. तो ९० दिवसांत द्यायचा असतो. कागदावर अजून वारलेले अध्यक्षच आहेत, त्यामुळे अनुदानाचा अर्जही करता येत नाही. हे काम करायला कोणी हात वर करेना.

तेव्हा मागच्या बाकावरून एक ताई उठल्या. याच गावची मुलगी, आमच्या समोर बसलेल्या कित्येकांनी तिचे सामने पाहिलेत. लग्नानंतर पाच किलोमीटरवर राहतात, सेतू केंद्र चालवतात. फॉर्म, स्कॅनर, सही-शिक्का, हे त्यांचं रोजचंच काम. त्या म्हणाल्या, “नाना, पेटी माझ्याकडे द्या. सगळं स्कॅन करते. पण पदाधिकाऱ्यांत माझं नाव टाका, नुसती मदतनीस म्हणून नाही.”

नाव टाकलं. सहसचिव म्हणून. १५ जुलै, शंकरराव साळवी यांच्या जयंतीचा कबड्डी दिन, त्याच्या आत तिन्ही मंडळांचे कागद पुरे करायचे आणि प्रत्येक गावातून दोन जणांनी पंच परीक्षेला बसायचं ठरलं. त्यातली एक जागा मुलींसाठी.

मॅटचे पैसे अजून जमलेले नाहीत. वर्गणीची वही तिन्ही गावांत फिरतेय. मॅट न्यायला-आणायला ट्रॉलीचं भाडं मात्र कोणी घ्यायचं नाही, हे बैठकीतच लिहून झालंय, आणि खाली तिघा ट्रॅक्टरवाल्यांच्या सह्या आहेत.